पल्लेदार वळणांखाली काय दडले आहे? मुळशीच्या काठाचा इतिहास

१/ पावसाळा सुरू झाला की पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या बाइकस्वारांची रीघ लागते. धबधबे हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे मुळशी जलाशयाच्या काठाने जाणारी पल्लेदार वळणे. बाइक एकदा कलवली की बराच वेळ त्याच कलात राहते. अशी वळणे कुठे सापडतात आणि इथे ती का आहेत, याचे उत्तर आपल्याला १९२१ सालापर्यंत घेऊन जाते.

२/ आधी थोडा भूगोल. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेला समोच्च रेषा म्हणतात. रस्ता या रेषा ओलांडत चढत असेल, तर चढ सौम्य ठेवण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा मागे वळावे लागते. त्यातून हेअरपिन जन्मतो. रस्ता या रेषांना समांतर राहिला, तर तो डोंगराचा आकारच गिरवतो. त्यातून पल्लेदार वळण मिळते.

३/ पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे बोरघाट. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८३० मध्ये, तिथला रस्ता चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला. लमाणांचे ओझ्याचे बैल उभ्या पाऊलवाटेने चढू शकत. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांना ते शक्य नव्हते. हिशेब साधा आहे. वीस मीटरला एक मीटर असा चढ ठेवायचा, तर ६०० मीटर उंची गाठायला १२ किलोमीटर रस्ता हवा. तुटलेल्या कड्यावर एवढी लांबी घडी घालूनच बसवावी लागते.

४/ दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे जलाशयाचा काठ. स्थिर पाण्याची कड ही निसर्गाने आखलेली समोच्च रेषाच असते. तिच्या सोबतीने जाणारा रस्ता डोंगराच्या प्रत्येक सोंडेला बाहेरून वळसा घालतो आणि प्रत्येक ओढ्यापाशी आत शिरतो. सोंड जितकी रुंद, तितके वळण मोकळे.

५/ परंतु मुळशीची ही रेषा निसर्गाने एकट्याने आखलेली नाही. तिची उंची धरणाच्या भिंतीने ठरवली. भिंत उभी राहण्यापूर्वी येथे मुळा आणि निळा या नद्यांचे खोरे होते. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे होती, गावे होती, देवळे होती आणि गावांना जोडणाऱ्या वाटाही होत्या.

६/ मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या खोपोली येथील वीजगृहाने १९१५ मध्ये ती पुरवण्यास आरंभ केला होता. पुढची योजना मुळशीची. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे पाणी धरणाने अडवायचे, पश्चिमेकडे वळवायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथे सोडून वीज निर्माण करायची. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना अलौकिक होती. तिची किंमत मात्र मावळातील शेतकऱ्यांनी मोजायची होती. पन्नासहून अधिक गावे या योजनेच्या छायेत आली.

७/ १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या आंदोलनाला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

८/ आरंभी काम थांबले. नंतर सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमीन कंपनीला मिळवून दिली. येथे एक भेग स्पष्ट दिसते. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. सावकाराला मोबदला पुरेसा होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. लढ्याच्या एकजुटीला तडा गेला तो या ठिकाणी.

९/ सत्याग्रह ओसरल्यावर, १९२४ च्या अखेरीस, बापटांनी मोजक्या सहकाऱ्यांसह कंपनीची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिरा येथील वीजगृह सुरू झाले. खोरे पाण्याखाली गेले आणि मुळशीला नवा काठ मिळाला.

१०/ जे स्थलांतरित झाले, त्यांच्या पुनर्वसनाचा हक्क कायद्यात येण्यास दीर्घ काळ लागला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे त्या रामनवमीनंतर ५५ वर्षांनी. मधल्या काळात कोयनेसारखी मोठी धरणे बांधून झाली होती.

११/ आता मूळ प्रश्नाकडे. पल्लेदार वळणे शोधायची असतील, तर उंची दाखवणारा नकाशा उघडा. समोच्च रेषांना समांतर धावणारा रस्ता पाहा. रेषा दाट असोत वा विरळ, रस्त्याने त्या वारंवार छेदता कामा नयेत. मोठ्या जलाशयांचे काठ हे त्याचे हमखास ठिकाण. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवतीचा रस्ताही नकाशावर असाच पाहा.

१२/ एक सावधगिरी. सोंडेवरचे बाहेरचे वळण मोकळे असते; ओढ्यापाशी आत शिरणारे वळण आवळत जाते, तिथे मोरी असते, पावसात शेवाळ आणि वाहून आलेली खडी असते. शिवाय काठावर आजही गावे आहेत, गुरे रस्त्यावर येतात. वेग सोंडेवर नव्हे, ओढा दिसण्याआधी कमी करावा.

१३/ रस्त्याचे वळण हा इतिहासाचा पुरावा असतो. हेअरपिन सांगतो, येथे बैलगाडीला कडा चढायचा होता. मुळशीचे पल्लेदार वळण सांगते, येथे पाण्याची पातळी कोणीतरी ठरवली आणि ती मान्य नसलेल्या माणसांचा पराभव झाला. पुढच्या वेळी त्या काठाने जाल, तेव्हा एखाद्या सोंडेवर बाइक उभी करा आणि पाण्याकडे पाहा. खाली एक खोरे आहे.

१४/ आपल्या परिसरातील कोणता रस्ता जलाशयाच्या काठाने वळत जातो? धरणापूर्वीच्या गावांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतील, तर विचारून ठेवा आणि येथे लिहा. ती नावे पुष्कळदा नकाशावर उरलेली नसतात.