महादेव कोळ्यांचे उठाव (अकोले परिसर)

महादेव कोळ्यांचे उठाव म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील महादेव कोळी या आदिवासी जमातीने मोगल, पेशवे आणि ब्रिटिश राजवटींविरुद्ध वेळोवेळी केलेले सशस्त्र प्रतिकार होत. या उठावांचे एक प्रमुख केंद्र अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर व त्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख हे होते. या प्रतिकाराचा सर्वांत ठळक टप्पा म्हणजे राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखालील १८४४ ते १८४८ या काळातील उठाव. डोंगरातील किल्ले, जमीन व वसुली यांवरील परंपरागत हक्क टिकवणे हे या संघर्षांमागील समान सूत्र होते. एकोणिसाव्या शतकात त्याला सावकारी कर्जाविरुद्धच्या असंतोषाची जोड मिळाली.

भौगोलिक पार्श्वभूमी

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ‘डांगाण’ या नावाने ओळखला जातो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे याच भागात आहेत. अलंग, मदन व कुलंग हे दुर्गम किल्ले त्याला लागूनच आहेत. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. पाऊस भरपूर, जमीन उताराची व पातळ मातीची, त्यामुळे भात, नागली आणि वरई ही येथील मुख्य पिके होत. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा आणि या वाटांवर नजर ठेवणारे किल्ले ज्याच्या ताब्यात, त्याचा व्यापारी व लष्करी वाहतुकीवर वचक, अशी स्थिती होती. म्हणून दख्खनच्या प्रत्येक सत्तेला कोळी नाईकांशी एक तर समझोता करावा लागे किंवा युद्ध करावे लागे.

जमातीची अंतर्गत व्यवस्था

महादेव कोळ्यांचा मुलूख परंपरेने ‘बावन मावळ’ म्हणून ओळखला जाई. प्रत्येक खोऱ्यावर एक नाईक असे व सर्व नाईकांवर सरनाईक असे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात जमातीविषयी लिहिलेल्या वृत्तांतात आणि त्यावर आधारलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जमातीच्या स्वतःच्या न्यायसभेचे वर्णन आढळते. गॅझेटियरमध्ये तिचे नाव ‘गोतरणी’ असे दिले आहे. तिच्यात अध्यक्षासह सहा अधिकारी असत व त्यांची पदे वंशपरंपरागत होती. निवाडा न मानणाऱ्याच्या दाराशी हाड बांधून त्याला बहिष्कृत ठरवणारा तो ‘हाडक्या’, तर शुद्धीच्या वेळी घरातील मडक्यांची व्यवस्था पाहणारा तो ‘मडक्या’. जातिनियमांचा भंग आणि आपसांतील तंटे यांचा निकाल या सभेत लागे. सरकारी चावडीपर्यंत न जाता न्यायनिवाडा करणारी ही व्यवस्था जमातीच्या स्वायत्ततेचे महत्त्वाचे लक्षण मानली जाते. ब्रिटिश न्यायालये स्थिरावल्यानंतर तिचा प्रभाव ओसरला.

मोगल व पेशवे काळ

निजामशाहीच्या अस्तानंतर (१६३६) मोगलांनी जुन्नर परिसरात जमीनमोजणी व ठरावीक साऱ्याची पद्धत लागू केली. तिला कोळ्यांनी विरोध केला. सतराव्या शतकाच्या मध्यात झालेला हा उठाव मोगल फौजेने अत्यंत क्रूरपणे मोडला. मारल्या गेलेल्या कोळ्यांच्या शिरांवर उभारलेला म्हणून सांगितला जाणारा ‘काळा चौथरा’ जुन्नरच्या परंपरेत आजही ओळखला जातो.

पेशवाईत १७६० च्या सुमारास जावजी बांबळे या नाईकाने बंड केले. गॅझेटियरनुसार हे बंड सुमारे वीस वर्षे चालले आणि त्याच्यावर पाठवलेल्या सरदारांना वारंवार हार पत्करावी लागली. अखेर तुकोजी होळकर यांच्या मध्यस्थीने जावजीला माफी मिळाली. त्याने आपल्या ताब्यातील किल्ले सोपवले. त्या बदल्यात त्याच्याकडे साठ गावांच्या मुलखाचा लष्करी व पोलिसी अधिकार देण्यात आला. शतकाच्या अखेरीस रामजी भांगरे यांनी पुन्हा उठाव केला. त्यांनाही पकडणे शक्य न झाल्याने माफी व पोलीस खात्यातील अधिकारपद देण्यात आले. बंड, वाटाघाटी आणि अधिकाराची मान्यता हा क्रम यावरून दिसतो. मध्यवर्ती सत्ता डोंगरातील बंदोबस्त नाईकांमार्फतच ठेवत असे.

ब्रिटिश राजवट आणि १८२९–३० चा उठाव

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ही घडी विस्कटली. कंपनी सरकारला डोंगरी किल्ल्यांची गरज उरली नव्हती. किल्ल्यांवरील कोळी शिबंदी कमी करण्यात आली व नाईकांच्या नेमणुकांमध्ये कपात झाली. अनेक कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे एकमेव साधन त्यामुळे बुडाले. शेतसारा मात्र रोखीतच भरावा लागे. याच सुमारास पुरंदर भागात उमाजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली रामोशांनी केलेल्या बंडाचे उदाहरण कोळ्यांपुढे होते. १८२९ मध्ये राजूर परिसरात उठाव झाला. रामजी भांगरे हे त्याच्या प्रमुखांपैकी होते. कॅप्टन मॅकिंटॉश आणि इतर अधिकाऱ्यांच्या हाताखालील तुकड्यांनी घाटवाटा रोखून १८३० पर्यंत हा उठाव मोडून काढला.

राघोजी भांगरे यांचा उठाव

राघोजी भांगरे हे रामजींचे पुत्र. त्यांचे गाव अकोले तालुक्यातील देवगाव. पुढील दीड दशकात सावकारी कर्जाचा प्रश्न तीव्र झाला. सारा भरण्यासाठी घेतलेले कर्ज, त्यावरील चढते व्याज आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होणारी जप्ती यांमुळे जमीन व जनावरे सावकारांच्या हाती जाऊ लागली. गोतरणीसारख्या सभेला या व्यवहारात कोणतेही स्थान नव्हते. लेखी दस्तऐवज हाच पुरावा मानला जाई आणि बहुतांश ऋणको निरक्षर होते.

१८४४ पासून राघोजी व त्यांचे बंधू बापू भांगरे यांच्या तुकड्या नगर, नाशिक, पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात वावरू लागल्या. सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. काही सावकारांची नाके व कान कापण्यात आले आणि अनेक सावकार गावे सोडून पळाले. पाठलागावरील एक देशी अधिकारी व दहा शिपाई एका चकमकीत मारले गेले. १८४५ मध्ये बापू भांगरे पकडले गेले. असंतोष दक्षिणेस पुरंदर व सातारा भागापर्यंत पोहोचला होता आणि तेथे उमाजी नाईकांचे पुत्रही बंडात उतरले होते.

सरकारने घाटमाथ्यावर व कोकणात एकाच वेळी बंदोबस्त वाढवला. साथीदार विखुरल्यानंतरही राघोजी दीर्घकाळ हाती लागले नाहीत. २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यांना पंढरपूर येथे पकडले. ठाणे येथे खटला चालून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

१८५७ नंतर

१८५७ च्या उठावाच्या काळात नगर–नाशिक सीमेवर भिल्लांनी भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली बंड केले. भागोजी पूर्वी नगरच्या पोलीस दलात होते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथील चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. हे बंड मोडण्यासाठी कॅप्टन नटॉल याने ‘कोळी कोअर’ हे पथक उभे केले व राजूरच्या बांबळे घराण्यातील नाईकाला त्याचा प्रमुख नेमले. बंडखोर मानल्या गेलेल्या जमातीलाच दुसऱ्या आदिवासी जमातीविरुद्ध वापरण्याचे हे धोरण होते. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागर येथे भागोजी मारले गेले. गरज संपल्यावर, मार्च १८६१ मध्ये, कोळी पथक बरखास्त झाले.

१८७३ पासून होन्या केंगले यांच्या टोळीने पुणे, नगर, नाशिक व ठाणे जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध हल्ले केले. १८७६ मध्ये त्यांना पकडण्यात आले. पुणे व नगर जिल्ह्यांतील १८७५ चे दख्खनचे दंगे याच काळातले. सावकारांकडील कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळणे हे दोन्हींतील साम्य होते. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला.

इतिहासलेखन

ब्रिटिश कागदपत्रांत या उठावांची नोंद ‘दरोडे’ व ‘टोळ्या’ अशी आहे. नाईकांची स्वतःची बाजू मांडणारी लेखी साधने अल्प असल्याने अभ्यासकांना बऱ्याच अंशी याच कागदपत्रांवर विसंबावे लागते. त्याच नोंदींतून किल्ल्यांवरील नेमणुका कमी होणे, सावकारी जप्ती व गावकऱ्यांकडून बंडखोरांना मिळणारा आश्रय यांचीही माहिती मिळते. स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. गोविंद गारे आदी अभ्यासकांनी या जमातीच्या इतिहासावर मराठीत लेखन केले.

वारसा

प्रवरेवरील भंडारदरा येथील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. डांगाणातील पाण्यावर पूर्वेकडील सखल भागातील शेती बागायती झाली. पुढे राज्य शासनाने या जलाशयाला राघोजी भांगरे यांचे नाव दिले. राजूर येथे शासनाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे जमीन, जंगल व स्थानिक निर्णयाधिकार हे प्रश्न कायद्याच्या चौकटीत आले. वनहक्क दाव्यांची अंमलबजावणी ही मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेने नाशिक ते मुंबई काढलेल्या मोर्चाची प्रमुख मागणी होती. त्यात आदिवासी शेतकऱ्यांचा मोठा सहभाग होता. दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय टाळण्यासाठी मोर्चेकरी रात्रीच चालत आझाद मैदानावर पोहोचले. राघोजींचा स्मृतिदिन २ मे रोजी, तर जयंती ८ नोव्हेंबर रोजी पाळली जाते.