डोळ्यांआडच्या सभेचे संकेत

सभेतील वर्तनाला लेखी शिस्त लावणारी एक पुस्तिका आणि सभेला समोरासमोर बसण्याच्या अटीतून सोडवणारे एक यंत्र १८७६ साली अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने पुढे आले. फेब्रुवारीत हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याचे सभासंचालनाचे नियम प्रसिद्ध झाले आणि ७ मार्चला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळाले. रॉबर्ट यांच्या नियमांनुसार बोलू इच्छिणाऱ्या सभासदाने उभे राहावे, अध्यक्षांना संबोधावे आणि त्यांची अनुमती मिळाल्यावरच बोलावे. उभा राहिलेला सभासद अध्यक्षांना दिसतो, हे मात्र त्यात गृहीतच धरलेले होते. टेलिफोनने नेमके हे गृहीतक मोडले. त्यानंतर दूरध्वनी, बिनतारी यंत्र आणि इंटरनेटवरील ध्वनिसभा यांत जे शिष्टाचार रुजले, त्यांचा इतिहास म्हणजे डोळ्यांचे काम शब्दांवर सोपवण्याचा इतिहास होय.

त्यातील पहिला प्रश्न संभाषण सुरू कसे करावे हा होता. बेल यांना खलाशांची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती, तर थॉमस एडिसन यांनी ऑगस्ट १८७७ मधील एका पत्रात ‘हॅलो’ हा शब्द सुचवला व तो दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येत असल्याने वेगळ्या घंटीची गरज भासणार नाही, असे मत मांडले. मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले आणि कालांतराने हाच शब्द मराठी घरांतही रूढ झाला. दुसरा प्रश्न एकाच तारेवर अनेक घरे जोडणाऱ्या सामायिक जोडणीमुळे उभा राहिला. अशा जोडणीवर आधी तार मोकळी आहे का हे ऐकून पाहावे, दुसऱ्याचे बोलणे चालू असल्यास ऐकणी मुकाट्याने खाली ठेवावी आणि आणीबाणीत तार सोडून द्यावी, अशी रीत पडली. अमेरिकेतील काही राज्यांनी तर यातील शेवटच्या संकेताला कायद्याचे रूप दिले.

बिनतारी संदेशवहनात ही अडचण अधिक तीव्र होती, कारण एकाच कंपनसंख्येवर दोघांनी एकाच वेळी संदेश सोडल्यास दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून निकामी होऊ शकतात. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या चालकाने बर्फाची सूचना देण्यासाठी मध्येच संदेश सोडला, तेव्हा केप रेस केंद्राशी प्रवाशांच्या संदेशांची देवाणघेवाण करण्यात गुंतलेल्या ‘टायटॅनिक’च्या चालकाने त्याला गप्प राहण्यास सांगितले. मध्ये बोलावे केव्हा आणि बोलणाऱ्याला थांबवावे केव्हा, हा प्रश्न किती गंभीर असू शकतो हे त्या रात्रीने दाखवले. त्याच वर्षी लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने क्यू-संकेत, म्हणजे ‘क्यू’ या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरी लघुरूपे, स्वीकारली. त्यांत व्यत्यय येत असल्याचे कळवणारे ‘क्यूआरएम’ आणि प्रक्षेपण थांबवण्याविषयीचे ‘क्यूआरटी’ हे संकेत होते. पुढे सागरी संदेशवहनात दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटे मौन पाळून केवळ संकटाची हाक ऐकण्याचा दंडक पडला. आवाजी बिनतारीवर ‘ओव्हर’ हा शब्द बोलण्याची पाळी दुसऱ्याकडे गेल्याची खूण ठरला, तर हौशी बिनतारी चालकांच्या सामूहिक संभाषणात एक नियंत्रक केंद्र क्रमाने नावे पुकारू लागले. न दिसणाऱ्या सभेला अशा रीतीने अध्यक्ष लाभला.

या संकेतांमागील कारण भाषाविज्ञानाने नंतर उलगडले. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेचे विवेचन केले आणि २००९ साली दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळले. म्हणजे ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपले उत्तर जुळवत असतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत आवाज पोहोचण्यास मात्र पाव सेकंद लागतो, आणि इंटरनेटवरही कमी-अधिक विलंब असतोच. त्यामुळे सौजन्याने घेतलेला विराम पलीकडे मौन भासतो आणि दोघेही एकदम बोलू लागतात. असा गोंधळ दर वेळी बोलणाऱ्यांच्या उद्धटपणातूनच होतो असे नाही.

२०२० साली सुरू झालेल्या आणि मे २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनद्वारे भारतात पसरलेल्या ‘क्लबहाउस’वरील ध्वनिसभांत, म्हणजे चित्राविना चालणाऱ्या थेट चर्चांत, हे जुने संकेत नव्या रूपात परतले. हात उंचावल्याचे चिन्ह रॉबर्ट यांच्या उभ्या राहणाऱ्या सभासदाची जागा घेते, सूत्रसंचालक नियंत्रक केंद्राचे काम करतो, ध्वनिग्राहक बंद ठेवणे हे सागरी मौनाचे घरगुती रूप ठरते आणि तो भराभर चालू-बंद करून टाळ्यांची उणीव भरून काढली जाते. आरंभी नाव सांगणे आणि अखेरीस आपले बोलणे संपल्याचे कळवणे हीदेखील तेथे रीत झाली. मराठी वक्त्याला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते, कारण ‘एवढे बोलून मी आपली रजा घेतो’ हे सभेतील रुळलेले वाक्य ‘ओव्हर’चेच काम करीत आले आहे.

तथापि एक भेद मूलगामी आहे. बिनतारीवर दोन आवाज एकत्र आल्यास संदेशच बिघडत असे, म्हणून शिस्त यंत्रानेच लादली होती. इंटरनेटवरील ध्वनिसभेत अनेक आवाज एकाच वेळी सुखरूप पोहोचू शकतात. यंत्राची मर्यादा सरली, तरी एका वेळी एकाचेच बोलणे नीट समजून घेऊ शकणाऱ्या मानवी कानाची मर्यादा तशीच राहिली, आणि पूर्वी यंत्र जे सक्तीने करवून घेत असे, ते आता बोलणाऱ्याने आपण होऊन पाळायचे आहे.