पट, खोली आणि अंतर
नाशिक जिल्ह्यातील शाळांच्या वादाचा इतिहास

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले आपल्या पालकांसह नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली. भाम धरणाने विस्थापित केलेली ही वस्ती. तिथली शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत जायला सांगण्यात आले होते. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी त्यांची घोषणा होती. शाळाच राहणार नसेल तर दप्तर ठेवून करायचे काय? त्यापेक्षा राखायला बकऱ्या द्या, म्हणजे पोटाचे तरी बघता येईल, इतका सरळ तिचा अर्थ होता. बातमी राज्यभर गाजली आणि शाळा पुन्हा सुरू करण्याचे प्रशासनाला मान्य करावे लागले.

याच जिल्ह्यातल्या नाशिक शहराच्या नव्या वसाहतींत पालकांची तक्रार नेमकी उलटी असते. वर्गात मुले मावत नाहीत, एका बाकावर तिघे बसतात, प्रवेशासाठी खेटे घालावे लागतात. एका ठिकाणी खोली आहे आणि मुले कमी; दुसऱ्या ठिकाणी मुले आहेत आणि खोली अपुरी. वाद दोन दिसतात, पण कागदावर दोन्हींचा निकाल एकाच आकड्याने लागतो. तो आकडा म्हणजे पटसंख्या. या आकड्याच्या मागे जाऊन जिल्ह्यातील शाळांचा इतिहास पाहिला, तर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. पट मोजला गेला तो शाळा मुलांपर्यंत नेण्यासाठी. पुढे तोच शाळा काढून घेण्याचे कारण झाला. आणि मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर कोणी मोजायचे, हे मात्र कधीच नीट ठरले नाही.

पैसा रयतेचा, खोली कोणाची?

मुंबई इलाख्यात शिक्षण खाते १८५५ मध्ये सुरू झाले. गावोगावच्या शाळांना पैसा मिळू लागला तो १८६३ नंतरच्या लोकल फंडातून. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणावर खर्च करायचा, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे शाळेचा पहिला मोठा वर्गणीदार शेतकरी होता. पण शाळा उघडे ती बहुधा मोठ्या गावात, कसब्यात, जिथे शिकण्याची परंपरा आधीपासून होती तिथे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, असा त्यांचा आग्रह होता. शाळा कुठे असावी या प्रश्नाइतकाच ती कोणाची असावी हा प्रश्नही जुना आहे.

खोलीत कोण बसणार, हा तर त्याहून बिकट वाद. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्या प्रकरणाचा पत्रव्यवहार थेट वरपर्यंत गेला. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. ठराव पाळणे मात्र स्थानिक संस्थांच्या हाती राहिले. त्या पाळेनात, तेव्हा १९२६ मध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला : जी मंडळी ऐकणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. १९३० मध्ये नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या पाठीशी हा सारा अनुभव होता. मुंबईतला ठराव आणि गावातले दार यांच्यामध्ये जिल्ह्याची सत्ता उभी असते, हे तेव्हाच कळून चुकले होते.

म्हणून अनेकांनी मंडळांची वाट पाहिली नाही. १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी राहायला जागा हवी, हे ओळखून वसतिगृह हाच त्या कामाचा पाया झाला. १९३७ मध्ये दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने सुरगाणा-पेठच्या डोंगराळ पट्ट्यात काम सुरू केले. दोन्ही ठिकाणी खऱ्या अडचणीचे नाव अंतर होते. सरकारी तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

मंडळ, परिषद आणि साहेब

ज्या वर्षी बोल्यांचा पहिला ठराव आला, त्याच १९२३ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदाही झाला आणि प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या ताब्यात गेल्या. शाळा मंडळे निवडून येऊ लागली. शिक्षकाची नेमणूक, बदली, शाळेची जागा हे विषय गावच्या राजकारणात आले. यात दोष होतेच. बदलीचा धाक दाखवून शिक्षकाला निवडणुकीत राबवणे हे त्यातलेच. या तक्रारी वाढल्यावर १९३८ च्या दुरुस्तीने मंडळांचे अधिकार आवळले आणि प्रशासन अधिकारी सरकारचा केला. १९४७ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांत शिक्षण समिती आणि तिचा सभापती लोकांतून आलेला, तर मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारने पाठवलेला. नाशिकसारख्या जिल्ह्यात, जिथे निफाडचा बागायतदार, येवल्याचा विणकर, मालेगावचा यंत्रमाग कामगार आणि सुरगाण्याचा आदिवासी एकत्र मोजले जातात, तिथे या दोघांतली ओढाताण अटळ होती.

या ओढाताणीला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिचा एक उपयोग होता. सुरगाण्यातल्या पाड्यावरचा माणूस आपल्या गटाच्या सदस्याला गाठून म्हणू शकत होता, ‘पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, पोरं शाळेत जाणार कशी?’ सदस्य ते सभेत मांडत असे, त्यावर गोंधळ होत असे, कधी खोली मंजूर होत असे, कधी नाही. अंतराचा हिशेब असा तोंडी ठेवला जात होता.

या काळातल्या चांगल्या योजना अंतर आणि खोली या दोन गोष्टी धरूनच आल्या. १९८७ नंतरच्या खडू-फळा योजनेने प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हा किमान हक्क मानला. २००० च्या सुमारास आलेल्या वस्तीशाळांनी शाळा थेट पाड्यावर नेली. गावातलाच शिकलेला तरुण तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागला. थोडी मुले असली तरी शाळा द्यायची, हे त्या योजनेचे मर्म होते.

शहराचा नकाशा

नाशिक शहराची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी मिळून महापालिका झाली. सातपूर-अंबडचे कारखाने आणि सिडकोची घरे यांनी शहर पश्चिमेकडे ओढले. १९९१ मध्ये साडेसहा लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पावणेपंधरा लाखांपुढे गेली. वीस वर्षांत शहर दुपटीहून मोठे झाले. शाळांच्या इमारती मात्र जुन्या गावठाणात राहिल्या आणि मुले नव्या वसाहतींत गेली.

नगररचनेच्या कायद्यात यावर उपाय आहे : विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड राखून ठेवायचा. पण १९६६ च्या त्याच कायद्याचे कलम १२७ सांगते की दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपते. नकाशावर पिवळ्या-लाल रंगात दिसणारी शाळा अशी विटेवर वीट चढण्याआधीच पुसली जाऊ शकते. मोकळी जागा खासगी शाळा भरून काढते. मग महापालिका शाळेचा पट घसरतो, आणि पट घसरला म्हणून शाळा एकमेकींत विलीन होतात. गेल्या दशकात नाशिक महापालिकेनेही शाळांचे असे एकत्रीकरण केले.

नियोजनाच्या नावाने उलटाही अन्याय होतो. २०१० च्या आसपास राज्याने शाळांचा बृहत् आराखडा पुढे करून विनाअनुदानित मराठी शाळांच्या परवानग्या अडवल्या. नाशिकच्या आनंद निकेतनसारख्या प्रयोगशील मराठी शाळेलाही मान्यतेसाठी झगडावे लागले. जिथे पालक स्वतःच्या हिमतीवर मराठी शाळा चालवायला तयार होते, तिथे आराखडा आडवा आला. जिथे आराखड्याने शाळा द्यायची, तिथे तो कागदावर राहिला.

फुगवलेला आणि आटलेला पट

पटावर इतके काही अवलंबून ठेवले की तो खोटा होणारच. शिक्षकांची पदे, तुकडी, अनुदान, पोषण आहार, सारे पटावर. नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीत बनावट नावे उघड झाल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मतदाराप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावली. पटावर असलेली सुमारे २० लाख मुले त्या तीन दिवसांत वर्गात सापडली नाहीत. म्हणजे कित्येक तुकड्यांतली गर्दी केवळ हजेरीपुस्तकात होती. या मोहिमेची गरज होती, यात मला शंका नाही. पण तिच्यामुळे एक समज रुजला : आकडा तपासला की शाळा तपासून झाली.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला तेव्हा राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले, आणि त्यासाठी परिसरात किमान २० मुले असावीत अशी अट घातली. अट नवी शाळा उघडण्याची होती. पुढे २० हाच आकडा चालू शाळेच्या मुळावर आला. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे आली, तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या सांगितली गेली १४,७८३. त्यांत मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. हिशेबनिसाला हे महाग वाटेल. पण सहा मुलांमागे एक शिक्षक असे म्हणताना तो शिक्षक दोन-तीन इयत्ता एकाच वेळी शिकवतो, हे भागाकारात येत नाही. उलट ६० मुलांना दोन शिक्षक दिले की प्रमाण बरोबर ३० भरते आणि गर्दी नाहीशी होते, फक्त कागदावरून. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने हेच गणित शिक्षकांच्या पदांना आणखी कडकपणे लावले आणि त्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले.

टेबलापाशी कोण होते?

दरेवाडीच्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारीख. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक झाली नव्हती. महापालिकेचीही तीच गत. तेव्हा गटाचा सदस्य नव्हता, शिक्षण सभापती नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जाहीर होताच स्थगित झाली. वर्गखोल्यांचा पैसा ज्या जिल्हा नियोजन समितीतून येतो, तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते. ओढा भरला आहे हे सांगायला पाड्यावरच्या माणसाला कोणतेच दार उरले नाही. म्हणून त्याला लेकरांना घेऊन नाशिकला यावे लागले.

यावर कायद्यात एक उत्तर आहे आणि ते विसरले गेले आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती नेमायला सांगितली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे म्हटले, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिच्यावर सोपवले. म्हणजे नियोजनाचे पहिले पान पालकांनी लिहायचे आहे. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीला सह्या होतात आणि शाळा उघडायची की मिटवायची, हे वरच्या कार्यालयात ठरते.

शाळा बंद करण्याच्या किंवा एकत्र करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला या समितीचा ठराव सक्तीने जोडला जावा. त्यात पटाबरोबर तीन गोष्टी असाव्यात : सर्वांत लांबच्या घरातून चालत लागणारी मिनिटे, वाटेतला ओढा किंवा महामार्ग, आणि पहिलीतल्या मुलीला एकटीला ती वाट जाता येईल की नाही. शहरात हाच ठराव राखीव भूखंडाची मुदत संपण्याआधी नगररचना विभागाकडे जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. एकोणिसाव्या शतकात आणा देणाऱ्या शेतकऱ्याला शाळेची जागा कोणी विचारली नव्हती. आज कर देणाऱ्या त्याच्या पणतवंडांना ती विचारण्याची सोय कायद्यात आहे. जिल्ह्याच्या कार्यालयाने ती वापरायची आहे.