साउदॅम्प्टनची मुलाखत

वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीनें एखाद्या थोर पुरुषाच्या घरीं जावें, त्यास प्रश्न विचारावे आणि त्याचीं उत्तरें दुसऱ्या दिवशीं छापावीं, ही रीत आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिचें कोणास नवल वाटत नाहीं. इंग्लंडांत मात्र १८८४ सालीं ती अमेरिकेकडून आलेली व पुष्कळांच्या मतें कांहींशी असभ्य चाल होती. ‘पॅल मॅल गॅझेट’चा संपादक विल्यम टॉमस स्टेड यानें तिला तेथें मान मिळवून दिला. त्याची सर्वांत गाजलेली मुलाखत त्या वर्षाच्या ८ जानेवारीस साउदॅम्प्टन येथें झाली.

सुदानांत त्या वेळीं महदीचें बंड पेटलें होतें. १८८३ च्या नोव्हेंबरांत जनरल हिक्सची फौज त्यानें कापून काढली. तेव्हां इजिप्तनें सुदान सोडून द्यावा व तेथील शिबंदी परत आणावी, असें इंग्रज सरकारनें ठरविलें. पूर्वी सुदानचा गव्हर्नर-जनरल असलेला चार्लस गॉर्डन हा त्याच सुमारास बेल्जमच्या राजाकरितां काँगोस जाण्याच्या तयारींत, साउदॅम्प्टनला बहिणीच्या घरीं येऊन राहिला होता. हा मनुष्य विलक्षण होता. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा खासगी चिटणीस म्हणून तो मुंबईस उतरला आणि थोड्याच दिवसांत राजीनामा देऊन मोकळा झाला! दुसऱ्याच्या तंत्रानें चालणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें.

सुदानविषयीं बोलण्यास गॉर्डन प्रथम नाखूष होता. त्याच्या मनांत काँगो घोळत होता. स्टेडनें चिकाटी सोडली नाहीं. समोरचा मनुष्य बोलत असतां कागद-पेन्सिल पुढें न करतां सारें स्मरणांत साठवावयाचें व मागाहून लिहून काढावयाचें, अशी स्टेडची पद्धत असे. पुढें लेखणी दिसली म्हणजे भले भले लोक जपून बोलूं लागतात, हें तो ओळखून होता. एकदां बांध फुटल्यावर गॉर्डन मोकळेपणानें बोलला. पश्चिमेकडील दारफूर व कोर्दोफान सोडावे लागले तरी चालेल, परंतु खार्टूम व पूर्व सुदान सोडणें घातक होय, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. शिबंदी हलवूं म्हणणारांनीं इतके उंट कोठून आणावयाचे तें आधीं सांगावें, असा त्याचा रोख होता. तेथें पाठविण्याजोगा मनुष्य म्हणून त्यानें नांव घेतलें तें सर सॅम्युएल बेकर याचें, स्वतःचें नव्हे.

९ तारखेस मुलाखत छापून आली. त्याच अंकांत स्टेडनें अग्रलेख लिहून, गॉर्डनलाच पूर्ण अधिकार देऊन खार्टूमला पाठवा, अशी मागणी केली. इतर पत्रांनीं ती उचलून धरली. एका मुलाखतीनें सरकारास हलविलें, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें पुरतें खरें नव्हे. गॉर्डनचें नांव लंडन व कैरो यांच्यामध्यें आधींच निघालें होतें आणि कैरोच्या सर इव्हलिन बेअरिंगनें तें नाकारलेंही होतें. परंतु वर्तमानपत्रांच्या गजरापुढें नकार टिकणें कठीण झालें, हें मात्र निश्चित. १८ जानेवारीस चार मंत्री गॉर्डनला भेटले आणि त्याच सायंकाळीं तो निघाला. त्याच्या हातीं दिलेला हुकूम होता, तो सुदान कसा सोडावा याचा अहवाल देण्याचा!

सुदान सोडूं नये, असें म्हणणाराला तो सोडण्याच्या कामावर नेमलें. तेंहि त्याचें मत छापून अवघे नऊ दिवस झाले असतां. मुलाखतीपेक्षां अग्रलेखच लोकांच्या अधिक लक्षांत राहिला असावा. दोष केवळ मंत्र्यांचा म्हणतां येत नाहीं. स्टेडनें गॉर्डनच्या मनांतलें बाहेर काढलें, पण सरकारनें माघारीचाच हुकूम दिला तर तो आपण पाळाल काय, या एका प्रश्नाचें निश्चित उत्तर त्यानें घेतलें असतें, तर पुढील अग्रलेख लिहितांना त्याची लेखणी कदाचित् अडखळली असती. मनाजोगतें उत्तर मिळालें कीं विचारणाराची जिज्ञासा तेथेंच थांबते, हें या धंद्यांतलें जुनें दुखणें आहे.

१८ फेब्रुवारीस गॉर्डन खार्टूमला पोंचला. पुढें वेढा पडला व तो महिनोन्‌महिने चालला. २६ जानेवारी १८८५ रोजीं शहर पडलें आणि गॉर्डन मारला गेला. मदतीच्या आगबोटी दोनच दिवसांनीं खार्टूमच्या दृष्टिपथांत आल्या. नगरावर इजिप्तचें निशाण दिसेना, म्हणून गोळीबारांतून त्या मागें फिरल्या. बातमी लंडनला येतांच ‘पॅल मॅल गॅझेट’नें, त्या काळीं कोणी वापरीत नसे एवढ्या ठळक टाइपांत, मथळा दिला: ‘फार उशीर झाला!’