बेरजेत न मावलेली माणसं



सूतगिरणीतली रात्रपाळी उरकून रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगेसमोर बसून लिहितोय. मागच्या पावसाळ्यात धाकटी बहीण काविळीनं गेली. दाखल्यावर नुसतं 'ताप'. तवापासून जुन्या खानेसुमाऱ्या वाचतो.

१८७२ला नागपुरात माणसं ८४,४४१. १८७७ला एम्प्रेस मिल निघाली. भोंग्यामागं खेड्यापाड्यातली आपली माणसं आली. १९०१ला आकडा १,२७,७३४. आणि १९११ला? १,०१,४१५! सव्वीस हजार कमी. प्लेगनं शहर रिकामं केलं होतं. किती मेले, किती रानात पळाले, त्यात महारवाड्यातले किती? बेरीज बोलत नाही.

पण हाच आकडा आपणही हलवलाय. १९५१ला आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध जेमतेम अडीच हजार. १९५६ला इथून जवळच, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी धम्म दिला. १९६१ला सत्तावीस लाखांवर! सरकारी कागदावरचा रकाना आपल्या माणसांनी बदलला.

मग मरणाचा रकाना कोरा का सोडायचा? वही घ्या. वस्तीत कोण जन्मलं, कोण कशानं गेलं, किती घरांमागं एक नळ, सारं तारखेनिशी लिहा. माझ्या वहीत पहिलं नाव बहिणीचं आहे. पुढं लिहिलंय : कावीळ.