राणीचा मुक्काम

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने १५५८ ते १६०३ या आपल्या दीर्घ कारकिर्दीत पुष्कळ उन्हाळे लंडनबाहेर, शेकडो गाड्यांचा लवाजमा बरोबर घेऊन, सरदारांच्या वाड्यांतून मुक्काम करीत घालविले. प्रजेला राजदर्शन घडावे आणि शहरातील रोगराईपासून दरबार दूर राहावा, हे या दौऱ्यांचे प्रकट हेतू. परंतु कोणता सरदार आपल्यासाठी किती खर्चात पडतो, हेही बाईंना त्यात आयतेच कळत असे. मुख्य प्रधान बर्ली याने तर, थिओबाल्ड्सचा आपला वाडा मुळात लहानच बांधावयाचा होता, राणीच्या वारंवार येण्याने तो वाढत गेला, असे लिहून ठेवले आहे.

या चढाओढीचा कळस १५७५ च्या जुलैत केनिलवर्थ येथे झाला. वॉरिकशायरमधील हा किल्ला राणीनेच १५६३ मध्ये रॉबर्ट डडली याला बहाल केला होता, आणि पुढे लेस्टरचा अर्ल झालेल्या या मर्जीतल्या सरदाराने तिच्या निवासासाठी तेथे नवी इमारत उठविली होती. ९ जुलैच्या सायंकाळी राणी आली, तेव्हा मशालींनी उजळलेल्या तरत्या बेटावरून सरोवराची देवता तिच्या स्वागतास पुढे आली. त्यानंतर एकोणीस दिवस शिकार, दारूकाम, अस्वलांच्या झुंजी आणि मेजवान्या यांना खंड नव्हता. राणीचा मुक्काम असेतो किल्ल्यावरील घड्याळाचे काटेसुद्धा दोनावर थांबवून ठेविले होते, असे त्या काळच्या एका वृत्तान्तात नमूद आहे. काळालाच हुकूम सोडणाऱ्या यजमानाला विवाहाची आशा असावी यात नवल नाही. मात्र राणीला विवाहाचा उपदेश करणारे जे नाटक रचून तयार होते, ते रंगभूमीवर आलेच नाही. पावसाळी हवा हे त्याचे कारण सांगितले गेले. तीनच वर्षांनी लेस्टरने गुपचूप दुसरीशी लग्न लावले आणि राणीचा भयंकर रोष ओढवून घेतला.

तरी त्याच्या पदरात निदान एकोणीस दिवस पडले. ख्रिस्तोफर हॅटनचे दैव तेवढेही नव्हते. वरिष्ठांच्या दारी तिष्ठत राहण्याला इंग्रज लोक नाचत हजेरी देणे म्हणतात; या गृहस्थाला ते अक्षरशः लागू पडते, कारण राणीची नजर त्याच्यावर प्रथम गेली ती त्याच्या नृत्यकौशल्यामुळे, अशी आख्यायिका आहे. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये होल्डेन्बी येथे त्याने राणीसाठी म्हणून, थिओबाल्ड्सचा कित्ता पुढे ठेवून, दोन विस्तीर्ण चौकांचा प्रासाद उभारला. खर्चाला सुमार राहिला नाही. राणी तेथे कधीच गेली नाही. १५९१ मध्ये, राज्याचा चॅन्सेलर असतानाच, हॅटन वारला, तो राजकोशाचे प्रचंड देणे शिरावर ठेवून. पुढे तो वाडा राजघराण्यानेच विकत घेतला, आणि १६४७ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स तेथे काही महिने राहिला. परंतु पार्लमेंटचा कैदी म्हणून.