पालखीची वाट आणि वाटेवरची सावली

देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबरच देवळाकडे येणाऱ्या वाटेचाही विचार करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावल्याचे, आमराया केल्याचे व विहिरी खोदविल्याचे आपल्या स्तंभलेखात नमूद केले आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे घाट, विहिरी व धर्मशाळा तर सर्वश्रुतच आहेत.

आळंदी-पंढरपूर ही वाट अशीच. आरफळकर हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. पुणे सोडल्यावर पालखी दिवे घाट चढू लागते. खाली मस्तानी तलाव, पावसाच्या सरींनी हिरवा झालेला डोंगर आणि वळणावळणाने वर सरकणाऱ्या भगव्या पताका! हे दृश्य पाहण्यासाठी लोक मुद्दाम लांबून येतात. पुढे नीरेत पादुकांना स्नान होते. लोणंद ओलांडल्यावर पहिले उभे रिंगण होते ते चांदोबाच्या लिंबापाशी. वाखरीजवळचे रिंगण बाजीरावाच्या विहिरीपाशी. एक जागा झाडाच्या नावाने, दुसरी पाण्याच्या! वारकऱ्याला वाटेत काय लागते ते या दोन नावांतच आले.

दि. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी या मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ कि. मी. हा माउलींचा, आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० कि. मी. हा श्रीतुकाराम महाराजांचा मार्ग. पायी चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंस स्वतंत्र वाट योजिली, हे उत्तमच झाले. वाहनांच्या गर्दीतून दिंड्या नेणे जिवावरचे काम होते. परंतु रुंदीकरणात जुने डेरेदार वृक्ष गेले, आणि उघड्या डांबरावर अनवाणी पाय पोळतात. पायवाटेलगत सावलीची झाडे लावावीत व ठराविक अंतरावर पिण्याचे पाणी असावे, असे आवाहन त्याच समारंभात पंतप्रधानांनी केले होते.

रोप लावणे सोपे. पहिले दोन-तीन उन्हाळे ते जगविणे कठीण, त्यातून हा बराचसा मुलूख कमी पावसाचा. ठेकेदार काम संपवून जातो, गाव मात्र तेथेच राहते. म्हणून आपल्या शिवेतील झाडे घरवार वाटून घेणे, विजेच्या तारांखाली वड-पिंपळ न लावता ते पायवाटेच्या बाहेरच्या अंगास लावणे, घाटाचे दृश्य झाकणारे फलक व पत्र्याच्या टपऱ्या यांस ग्रामसभेने जागा ठरवून देणे, ही कामे मार्गावरच्या गावांनीच करावयाची आहेत. वडाची सावली दिंडीला पुरेल एवढी व्हायला एक पिढी जाते. तोवर दुपारच्या विसाव्याला मांडव घालावा लागेल, पाण्याचे रांजण भरावे लागतील, आणि त्याची वर्गणी दरसाल ज्येष्ठ लागण्यापूर्वीच गोळा करावी लागेल.